दांडवाडीचा आवाज

दांडवाडी, ता. पोलादपूर
१४ जानेवारी २०२४

रितेशदादा,

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. वहिनीच्या फोनवर बोलायचं तर तिची पंचाईत होते. म्हणून नालासोपाऱ्याच्या पत्त्यावर हे पत्र टाकतेय. वाचावंसं वाटलं नाही तर बाजूला ठेव, फाडू नकोस. आईबद्दल आहे.

आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण ते दुखणं ती कुणाला दाखवत नाही. सकाळी गाईचं करते, दुपारी पडवीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारते. तुझं नाव काढत नाही आणि दुसऱ्या कुणी काढलं तर उठून आत जाते.

तळीयेची दरड कोसळली त्या पावसाळ्यात तू टेंपो घेऊन तिला न्यायला आलास, तो दिवस आपल्या घरात अजून तसाच उभा आहे. ती नाय म्हणाली, मी तिच्या बाजूनं बोलले. तू अंगणातून ओरडलास, "उद्या डोंगर हिच्या अंगावर आला ना रेशमे, तर जाब तुला द्यायला लागंल. आजपासनं तुझं माझं बोलणं बंद." तू रागानं बोललास, पण खोटं बोलला नव्हतास. डोंगर तुला दिसत होता. मला आईचा चेहरा दिसत होता. माझं लग्न मोडलं तेव्हा सासरच्या दारातून मला हाताला धरून आणणारा तूच. तुझ्याशी वैर धरायचं मला कधी जमलंच नाही. फक्त तो जाब काय द्यायचा, याचा विचार मी तेव्हापासून करतेय.

म्हणून हे सांगते. त्या वर्षानंतर आम्ही डोंगरावरच्या वाड्यांतल्या बायकांनी मिळून 'डोंगरसाथ' नावाची संस्था काढली, हे तुझ्या कानावर आलं असेल. पोलादपूरला एसटी स्टँडमागं दोन खोल्यांत बसतो. कार्यालय मी बघते. पाऊस मोजायचा, डोंगराला भेगा पडल्यात का बघायचं, वाड्यावाड्यांना सांगायचं, एवढंच काम. परवा महाडच्या हॉटेलात मोठी बैठक झाली. एक परदेशी संस्था नेपाळ, फिलिपिन्स आणि आपल्या सह्याद्रीत दरडीची आगाऊ सूचना देणारी यंत्रणा बसवणार आहे. आम्हाला 'लोकसहभाग' म्हणून बोलावलं होतं.

दिल्लीहून आलेल्या मॅडमनी भिंतीवर चित्र दाखवलं. वर उपग्रह, त्याच्याखाली पुण्याचं नियंत्रण केंद्र, तिथून खाली येणारे बाण आणि सगळ्यांत तळाला बारीक बारीक घरं. ती घरं म्हणजे आपण. सगळे माना डोलवत होते. मी उभी राहिले. विचारलं, "मॅडम, सगळे बाण खाली येतायत. आमच्याकडून वर जाणारा एकही नाही. मग आमचा सहभाग कुठंय?"

मॅडम हसल्या, पण चांगल्या मनानं हसल्या. म्हणाल्या, "चित्र परत काढावं लागेल."

जेवताना एक तरुण मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला. महाडच्या बाजारपेठेतल्या जहांगीरभाईंचा उबेद. आपल्या गोठ्याचे पत्रे तू त्यांच्याच दुकानातून आणले होतेस. पुरात त्यांचं दुकान छपरापर्यंत बुडालं होतं. तो आता इंजिनियर आहे आणि या यंत्रणेचं इथलं काम त्याच्याकडे आहे. म्हणाला, "ताई, ते चित्र मीच काढलं होतं. मला कुणी विचारलंच नव्हतं बाणांचं."

बरं वाटलं मला, दादा. खूप बरं वाटलं. म्हणून तुला लिहिलं.

रेश्मा


पोलादपूर
३ मार्च २०२४

दादा,

तुझं उत्तर नाही. चालेल.

आपल्या वाडीत खांब उभा राहिला. शाळेच्या वाटेवर फणसाजवळ. त्याच्यावर सोलर, भोंगा आणि एक पेटी. वर डोंगराच्या दांडावर आणि ओढ्याच्या उगमाशी पाऊस मोजायची यंत्रं. आपल्याकडे मोबाईलला रेंज नाही हे उबेदनं स्वतः फिरून बघितलं. मेसेजचा इथं उपयोग नाही असं वर कळवून त्यानं ही बिनतारी यंत्रं मागवली. पावसानं हद्द ओलांडली की पेटीला कळतं आणि भोंगा बोलतो.

पहिल्या चाचणीला सगळी वाडी जमली. भोंग्यातून एक बाई बोलली, बँकेच्या फोनवर बोलते तशी: "अतिवृष्टीच्या पार्श्वभूमीवर नागरिकांनी तत्काळ सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे."

मग हैबतीकाका म्हणाले, "स्थळ? कुनाला स्थळ आलंय?"

बायका इतक्या हसल्या की दोघीतिघी खाली बसल्या. उबेदही हसला. मग काका गंभीर झाले. "हसू नका. ही बाय कोन? हिचं आपल्या वाडीत कोन हाय? हिच्या सांगन्यावरनं मी भरल्या पावसात घर कशाला सोडू?"

उबेद म्हणाला, "काका, पेटीत कुणाचाही आवाज भरता येतो. तुम्ही कुणाचं ऐकाल?"

सगळ्यांच्या माना एकदमच आपल्या पडवीकडे वळल्या.

तुला आठवत असेल, लावणीच्या दिवसांत आई दांडावर उभी राहून हाक मारायची आणि ओढ्यापलीकडच्या बायका खाचरातून मान वर करायच्या. ती हाक अजून तशीच आहे. पण उबेदनं माईक समोर धरला तेव्हा बाईसाहेब एकदम पाहुण्यांशी बोलल्यासारख्या बोलायला लागल्या. "पाऊस जास्ती झालाय, तर तुम्ही जरा बाहेर या, असं माझं म्हननं हाय."

उबेद म्हणाला, "मावशी, समजा गाय हैबतीकाकांच्या भाताच्या आवणात शिरलीय."

आईनं पदर खोचला. मग जी हाक निघाली, ती ऐकून फणसावरचे कावळे उडाले.

"ए पोरांनोऽऽ! डोंगर भिजलाय! घर सोडा! गुरं सोडा! देवळाकडं नाय, खालच्या शाळंकडं चला! मागं बघू नका गोऽऽ!"

उबेदनं ती पहिल्या झटक्यात भरून घेतली. आईला परत ऐकवली तर ती लाजली आणि म्हणाली, "मी एवढी वरडते?" मग संध्याकाळपर्यंत वाडीभर सांगत फिरली, की सरकारी बाईचा आवाज काढून टाकला आणि माझा घातला. ती बाई सरकारी नव्हती, पण ते तिला कोण सांगणार. दुसऱ्या दिवशी भोंग्यातून ती हाक वाजवली तर हैबतीकाकासुद्धा ओटीवरून उठले.

तुला एकदा ऐकवायचा होता तिचा आवाज. तिथं कुठून ऐकू येणार.

रेश्मा


दांडवाडी
७ एप्रिल २०२४

दादा,

आईची तब्येत ठीक आहे. बाकी विशेष काही नाही.

असं लिहून पत्र संपवलं होतं. पाकीट बंद केलं आणि परत उघडलं. विशेष आहे. ते तुझ्यापासून लपवलं तर उद्या दुसऱ्या कुणाकडून कळेल, आणि ते मला नको.

खांब जायची वेळ आली आहे.

परदेशी संस्थेनं करारपत्र पाठवलं. इंग्रजीत होतं. उबेदनं ग्रामसभेत उभं राहून ते मराठीत सांगितलं, एकही ओळ न गाळता. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, भोंगा कधी वाजवायचा हे फक्त पुण्याचं केंद्र ठरवणार. दुसरी, वाडीत भरलेला आवाज कायमचा संस्थेचा. तो ती जगात कुठंही, कशासाठीही वापरू शकेल, यंत्रांना बोलायला शिकवण्यासाठीसुद्धा.

आई पुढे बसली होती. तिनं विचारलं, "माझा आवाज घेऊन जावा, मी काय तो बांधून ठेवला नाय. पन उद्या तो कुनाच्या घरात काय बोलंल, ते मला कळनार हाय का?"

उबेद म्हणाला, "नाही, मावशी."

"कुनाला खोटं सांगितलं माझ्या आवाजात, तर?"

"तेही मला अडवता येणार नाही," त्यानं सरळ सांगितलं. त्या क्षणी तो मला फार आवडला.

पुष्कळ बोलणं झालं. काहीजण म्हणाले, सही करून टाका, जीव महत्त्वाचा, आवाजाचं काय घेऊन बसलात. मी म्हटलं, दोन्ही आपलेच आहेत, एकासाठी दुसरा का सोडायचा? वाजवायचं ठरवायला वाडीतल्या तीन बायकांची समिती असावी, असं मी मांडलं. त्यावर उबेदनं मला अडवलं. "ताई, तुम्ही तिघी घाबरलात, किंवा तुमच्यापैकी कुणी जागेवर नसलं तर? माणसानं ठरवावं, मान्य. पण माणसानं वेळेत ठरवलं नाही तर यंत्रानं आपणहून वाजावं." त्याचं बरोबर होतं. तेही ठरावात घातलं. आवाज उसना दिलेला, वाडी म्हणेल तेव्हा परत. ठराव हात वर करून मंजूर झाला.

दिल्लीहून उत्तर आलं: करार आहे तसा स्वीकारा, नाहीतर पावसाळ्याआधी यंत्रणा दुसऱ्या तालुक्याला जाईल.

दादा, मी पाठ वळवली की लोक कुजबुजतात. खांब गेला आणि पाऊस आला तर? तुझं अंगणातलं वाक्य मला भांडी घासताना ऐकू येतं. तरी मी सही केली नाही. आईनं अंगठा दिला नाही. ती म्हणाली, "भाड्यानं घेतलेल्या भांड्यावरसुदा नाव असतं गो मालकाचं."

उबेदनं वरच्यांना लांबलचक पत्र लिहिलं आहे. त्याच्या वडिलांनी त्याला सांगितलं, नोकरी जाईल. तो म्हणाला, "गेली तर दुकानात बसेन. पाणी आलं तेव्हा चिखल मीच काढला होता, दुकान कसं चालवायचं ठाऊक आहे मला."

महिन्याभरानं काठमांडूला तिन्ही देशांतल्या वाड्यांची बैठक आहे. मॅडमनी कळवलंय, तुमचं म्हणणं तिथं येऊन मांडा.

म्हणजे मी मांडायचं.

रेश्मा


काठमांडू
१६ मे २०२४

दादा,

पत्ता वाचलास? तुझी बहीण विमानानं परदेशात आली आहे. नेपाळला पासपोर्ट लागत नाही. सात तारखेला ज्या कार्डावर मत दिलं, तेच कार्ड दाखवून देश ओलांडला. विमान उडताना मी डोळे मिटले नाहीत. खिडकीतून मुंबई बघितली आणि यातलं नालासोपारा कुठलं असेल ते शोधत राहिले.

सभागृहात लांबच लांब टेबल, प्रत्येकासमोर नावाची पाटी. माझ्या पाटीवर माझं नाव आणि खाली 'दांडवाडी'. पोलादपूर नाही, रायगड नाही. दांडवाडी! मी त्या पाटीचा फोटो काढला आहे.

कानाला लावायच्या यंत्रात बऱ्याच भाषा होत्या, मराठी नव्हती. उबेद माझ्याशेजारी बसला. मी बोलायची आणि तो इंग्रजीत सांगायचा. आधी मोठमोठी माणसं बोलली. त्यांची मेहनत खरी आहे दादा, मी हिणवत नाही. ती यंत्रं त्यांनी केली नसती तर आम्ही अजून डोंगराकडे बघत बसलो असतो. पण तिथंही चित्रातले बाण खालीच येत होते.

माझी पाळी आली. रात्रभर पाठ केलेलं सगळं विसरले. मग म्हटलं, "आमच्या वाडीत दोन आवाज वाजवले. एकाला लोक हसले. दुसऱ्याला उठले. दुसरा माझ्या आईचा आहे. तो तुम्हाला ऐकवते." उबेदनं बटण दाबलं.

त्या थंडगार सभागृहात आई ओरडली. ए पोरांनोऽऽ!

खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. नेपाळच्या डोंगरातून आलेली एक बाई, माझ्या वयाची असेल, अर्धी उभी राहिली होती. मग स्वतःलाच हसून खाली बसली. माईक घेऊन म्हणाली, "यांची आई काय म्हणाली ते मला कळलं नाही. पण मी निघाले होते."

सगळे हसले, आणि मला कळलं की आता ऐकतील.

मी म्हटलं, "हा आवाज आमच्या वाडीत चालतो, कारण तो आमच्या वाडीचा आहे. तो तुम्ही कायमचा घेतलात तर तो आमचा राहणार नाही, आणि मग त्याच्या सांगण्यावरून कुणी उठणारही नाही. आम्ही तुम्हाला नाही म्हणायला आलो नाही. आम्हाला तुमच्याबरोबर काम करायचं आहे. बरोबर म्हणजे शेजारी बसून."

नेपाळची ती बाई बोलली, फिलिपिन्सचा एक म्हातारा कोळी बोलला. त्यांच्याही करारात तेच होतं, त्यांना कुणी वाचून दाखवलं नव्हतं. दोन दिवस शब्दाशब्दावर घासाघीस चालली. आज दुपारी करार बदलला, तिन्ही देशांसाठी. आवाज वाडीचा. वाजवायचं वाडी ठरवणार, वाडीनं वेळेत ठरवलं नाही तर यंत्र. पावसाचे आकडे वाडीच्या फळ्यावर रोज लागणार. मॅडम माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "मी चुकीच्या बाजूनं भांडत होते. तरी तुम्ही जिंकलात याचा मला आनंद आहे."

मी बाहेर आले, पायऱ्यांवर बसले आणि मनसोक्त रडले. उबेदनं चहा आणून दिला आणि दुसरीकडे बघत उभा राहिला.

दादा, मला अभिमान वाटतो. स्वतःचा. असं लिहिताना लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

रेश्मा


दांडवाडी
२७ जून २०२४

दादा,

थोडक्यात लिहिते. परवा पावसानं हद्द ओलांडली, आम्ही भोंगा वाजवला. सगळी वाडी खालच्या शाळेत जाऊन बसली. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं.

लोक कावलेत. ऐन लावणीत दिवस गेला, चुलीवरचं जळालं, कुणाची कोंबडी हरवली. हैबतीकाका मला ऐकू जाईल असं म्हणाले, "काठमांडूला जाऊन आल्यापास्नं हिला रोजच डोंगर पडताना दिसतो."

समितीतली एकजण म्हणाली, "परत वाजवायचं म्हंजे शिव्या खायच्या." मी म्हटलं, शिव्या खाऊ. बोलायला सोपं होतं.

आणि एक सांगते. त्या दिवशी वाडी उठली, पण आई उठली नाही. तिचाच आवाज बाहेर ओरडत होता आणि ती आत चुलीपाशी बसून म्हणत होती, "ते लोकान्ला हाय. मी माझं घर सोडत नाय." मी पाया पडले तरी हलली नाही. मी शेवटपर्यंत तिच्याजवळ बसले. हे मी वाडीत कुणाला सांगितलं नाही. तुला ठाऊक असावं, कारण तू तिला ओळखतोस.

रेश्मा


खालची शाळा
२६ जुलै २०२४

दादा,

आई जिवंत आहे. सगळी वाडी जिवंत आहे. आधी हे लिहिलं, आता सविस्तर लिहिते. रस्ता बंद आहे, पत्र कधी निघेल माहीत नाही.

काल सकाळपासून धो धो पाऊस होता, पण जेवणवेळेला तो उघडला. पार उजेड पडला. लोक परत खाचरात उतरले. तेव्हाच पेटीचा लाल दिवा लागला. आकाश मोकळं दिसत होतं, पण वर दांडावर जे पाणी मुरलं होतं ते यंत्रानं मोजलं होतं. आम्ही तिघी खांबाखाली जमलो. एकजण म्हणाली, "पाऊस तर गेला गो. आता वाजवलं तर मारतील आपल्याला." दुसरी माझ्याकडे बघत राहिली.

मीही आकाशाकडे बघितलं. मनात आलं, आपण नाही वाजवलं तर थोड्या वेळानं यंत्र आपणहून वाजेल, मग शिव्या यंत्राला बसतील. हा विचार आला आणि मला माझीच चीड आली. एवढ्या लांब जाऊन भांडलो ते हे ठरवायचा हक्क मिळावा म्हणून, आणि आता ठरवायचं म्हटल्यावर मागे सरायचं? मी बटण दाबलं.

आईचा आवाज डोंगरावर घुमला. खाचरातली माणसं उभी राहिली, पण निघेनात. हैबतीकाका त्यांच्या ओटीवर पाय सोडून बसले आणि ओरडले, "आज मी नाय हालत!"

मी घराकडे धावले. आई दारात उभी होती. भोंगा तिच्या आवाजात ओरडत होता, मागं बघू नका गो, आणि ती कान देऊन ऐकत होती. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "लोकं निघाली का?"

"नाय निघत, आये. काका ओटीवर बसलेत."

"का?"

मी खरं सांगितलं. "त्यांना ठाऊक असंल, मागच्या बारीला तू नाय उठलीस. लोकान्ला सांगतेस आनि स्वतः बसतेस."

तिला ते लागलं, दादा. माझ्याकडे बघितलं, घराकडे बघितलं. तुळईवरून हात फिरवला. मग गोठ्यात जाऊन गाईचं दावं सोडलं आणि वाटेला लागली. गुडघे धरून, काठी टेकत, तरी ताठ. हैबतीकाकांच्या ओटीसमोर थांबली आणि म्हणाली, "हैबती, वरनं मी वरडतेय ते ऐकू येत नाय? आता खालनं पन वरडू? ऊठ!"

काका उठले. छत्रीसुद्धा घेतली नाही.

मग काय, आई, वाडीची प्रयागबाई, घर सोडून निघाली हे बघितल्यावर खाचरातली सगळी वर आली. आई प्रत्येक दाराशी थांबत गेली. "मी सांगतेय ना भोंग्यात, मग?" पोरं, म्हातारी, गुरं, सगळी शाळेकडे उतरली. शेवटून मी आणि काका. काका पुटपुटत होते, पण प्रत्येक घरात डोकावून बघत होते कुणी राहिलंय का.

शाळेत माणसं मोजून झाली आणि कुणीतरी चहाचं आधण ठेवलं. तेवढ्यात आवाज आला. ढगासारखा, पण खालून येणारा. बाहेर आलो तर दांडाची कड सुटली होती. झाडं उभीच्या उभी खाली सरकत होती. वरच्या अंगाची घरं दिसायची बंद झाली. आपलं घर पहिलं गेलं, दादा. पडवी, गोठा, तुझ्या हातचे ते पत्रे, सगळं. काकांचंही.

मग काका आईच्या पायाशी बसले. आई त्यांना म्हणाली, "अरे ऊठ, मोठा हायस माझ्यापरीस."

घर गेल्याचं ती अजून काही बोललेली नाही. सकाळी फक्त म्हणाली, "रितेशला कळव. म्हनावं, आई चालत आली."

तो जाब मी तुला देणं लागत होते, तो हा. आई शाळेच्या व्हरांड्यात बसली आहे आणि पोरांना शेंगा सोलून देतेय.

रेश्मा


खालची वाडी
११ ऑगस्ट २०२४

दादा,

आता आपण फोनवर बोलतो. तरी हे लिहून पाठवतेय, कारण फोनवर सांगायला गेले तर माझा आवाज टिकणार नाही.

दरडीची बातमी ऐकून, घाटातला रस्ता बंद असताना तू पोलादपूरपासून चिखलातून चालत आलास, शाळेच्या दारात उभा राहिलास आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवलंस, तो दिवस वाडी रोज सांगते. माझ्याशी तू पहिले दोन दिवस धड बोलला नाहीस. रस्ता बंद म्हणून टाकायचं राहिलेलं शाळेतलं पत्र मी तुझ्या हातात दिलं, ते तू फणसाखाली उभा राहून वाचलंस आणि घडी करून खिशात ठेवलंस. एवढंच. मी म्हटलं, असू दे. आला हे पुष्कळ झालं.

इकडची खबर अशी. पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या आहेत. नवीन जागा बघताना डोंगर तपासणारी माणसं आणि आमची समिती बरोबर फिरणार, असं ठरलंय. कुडपणकडच्या वाड्यांनी निरोप धाडला, की प्रयागबाईंचा आवाज आम्हालाही द्या. आईनं ठासून नाही सांगितलं. "त्यांच्यात काय म्हातारी नाय? तिला वरडू दे. कसं वरडायचं ते मी जाऊन शिकवीन." उबेद तिला पुढच्या आठवड्यात गाडीतून नेणार आहे. मॅडमचं पत्र आलं, नेपाळमध्येही एका आजीचा आवाज बसवलाय. आई म्हणते, तिला माझा नमस्कार कळवा. तू तिला गणपतीनंतर नालासोपाऱ्याला नेणार म्हणालास, त्याला ती हो म्हणालीय, पण आठच दिवस. नवव्या दिवशी मी उठून चालत येईन, अशी धमकी दिलीय. आता ती चालते, त्यामुळे जपून.

आता जे सांगायचं ते.

तू जायच्या आदल्या दिवशी पंचनाम्याला साहेब आले. मी शाळेच्या मागच्या खोलीत रेशनच्या गोणी लावत होते. खिडकी उघडी होती. साहेबांनी तुला व्हरांड्यात बघितलं, शर्टपँटमधला, मुंबईचा, आणि म्हणाले, "तुम्हीच ना इथले प्रमुख? लोकांना वेळेत बाहेर काढलंत, कमाल केलीत. जरा सगळं सांगा बघू."

तू म्हणालास, "मी नाय, साहेब. मी तर पाहुना हाय. वाडी माझ्या भनीनं उठवली. रेश्मा नाव तिचं. काय विचारायचं ते तिला विचारा."

साहेब म्हणाले, "बरं, बोलवा तिला."

आणि तू म्हणालास, "बोलवतो. पन तिला नाय साहेब, त्यांना. माझ्यापरीस धाकटी हाय, तरी आज त्यांना म्हना."

मग तू मला हाक मारलीस. मी जरा उशिरानं बाहेर आले, तू विचारलंस कुठं होतीस, मी म्हटलं गोणी लावत होते. खरं म्हणजे मी भिंतीला टेकून डोळे पुसत होते.

तुला वाटलं, मी ऐकलं नाही. मी ऐकलं, दादा. शब्द न् शब्द.

तुझी,
रेश्मा